आज्याची पाच पिसं

पद्माचं लग्न मी जमवलं आन् मोडायची पाळी आणली ती बी मीच. उगं झाकपाक करत न्हाई, चूक माझीच हुती.

पद्मा म्हंजे माझ्या भावाची, कोंडीबादादाची लेक. एकुलती एक. आमचं माहेर कडेगावचं आन् मला दिलेली आष्ट्याला. पोरगी गुणाची, पण डाव्या पायानं जरा लंगडती. तेवढ्यापायी दोन ठिकाणं येऊन, च्या पिऊन, परत गेली हुती. आष्ट्यात आमच्या गल्लीतच लालासाहेबांचं घर. त्यांचा पोरगा मधु शाळामास्तर. त्यानं पद्माला बघितलं, चालताना बी बघितलं, आन् घरी जाऊन बापाला सांगितलं की करीन तर हीच करीन. त्या दिवशी दादाच्या घरी दिवाळी झाली. अठराची पोरगी, ह्यो तिसरा नवरा मोडला तर चौथा कोण दारात येतोय?

आता माझी चूक ऐका. पयल्या बैठकीला लालासाहेबांनी मला विचारलं, पोरीकडलं देवक कंचं? मी एका दमात सांगून टाकलं, पंचपालवी. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर ती भाऊबंदकी, तिथं सोयरीक हुत न्हाई, हे काय मला ठाऊक न्हवतं व्हय? पण पंचपालवी हे माझ्या सासरचं देवक. बाईचं लग्न झालं की नवऱ्याचं देवक ते तिचं. सदतीस वर्सं त्यालाच हात जोडत आले, तोंडाला त्याचीच सवय. माहेरचं देवक कळंब, ते त्या घडीला डोक्यातच आलं न्हाई. आन् माझ्या भरवशावर पुन्यांदा कुणी विचारलं बी न्हाई. मनुबाई सांगती म्हंजे झालं!

लग्नाला आठ दिवस राहिले. लढाई नुकतीच संपलेली, कापडाला कंट्रोल, लुगडी जमवता जमवता नाकी नऊ आले हुते. बस्त्याचं ठरवायला लालासाहेब कडेगावला आले. मी बी संगं हुते. दादाच्या दारात कळंबाचं झाड हाय. बैलगाडीतनं उतरल्या उतरल्या लालासाहेबांनी वहाणा काढल्या आन् झाडाला हात जोडले. दादा त्यांना घ्यायला म्होरं आलेला. त्यानं बी रोजच्या सवयीनं झाडाला हात जोडले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांचं बी देवक कळंबच! माझी पंचपालवीची चूक मला तिथंच उमगली.

लालासाहेब माणूस भला. आरडाओरडा केला न्हाई, मला एक शबुद बोलले न्हाईत. पाणी प्याले आन् म्हणाले, एका देवकाची पोरगी म्हंजे माझ्या मधुची भन झाली, ह्यात माझं काय चालत न्हाई. गाडी फिरवून गेले.

दादानं मला लय बोलून घेतलं. मी बी उलटून बोलले असते, माझी जीभ काय कमी न्हाई, पण कुठल्या तोंडानं बोलू? पद्मा जात्यावर हळद दळत हुती. तिनं सगळं ऐकलं. जातं थांबवलं न्हाई. लग्न मोडलेलं, तरी पोरगी आपली दळतीच हाय. ते बघून माझं काळीज तुटलं. भिताडाला टेकून मी ढसाढसा रडले.

आमची आई हरणाबाई देवघराफुडं बसली हुती. ती उठली आन् देव्हाऱ्याखालनं एक गाठोडं काढून आणलं. आमच्या आज्याचं, बापाच्या बापाचं. आज्या जाऊन तीस वर्सं झाली. जाताना त्यानं आईला शपथ घातली हुती की ही गाठ सोडायची न्हाई. आईनं ती दातानं सोडली.

आत घोंगडीचा एक फाटका तुकडा. तांब्याचा एक टाक, त्यावर औंधची यमाई. आमच्या घरात तर यमाईचं कवा नाव बी न्हवतं. आन् मोराची पाच पिसं. दरेकाच्या देठाला हळदीचा दोरा गुंडाळलेला, आन् त्याला अक्षता चिकटलेल्या.

आई म्हणाली, "मामंजी ह्या घरचे न्हवते. मोठ्या दुष्काळात औंधाकडनं आले, अंगावर ह्यो घोंगडीचा तुकडा. पाटलांनी खाऊ घातलं. त्यास्नी पोरगा न्हवता, म्हणून लेक दिली, घरजावई करून घेतलं, आपलं नाव दिलं. कळंब पाटलांचा. मामंजींचं देवक मोराचं पीस."

खाल्ल्या मिठाला जागून आज्या उभा जन्म कळंबाला हात जोडत राहिला. पर घरात लग्न निघालं की आपल्या देवकाचं एक पीस गुपचूप पुजायचा आन् बांधून ठेवायचा. एक आमच्या बापाचं, दोन आत्यांची दोन, एक माझं आन् एक दादाचं. त्यातलं माझं पीस मी लांबनंच वळखलं, कारण त्याचा डोळा मोडलेला हुता.

मोडला बी माझ्यामुळंच. माझ्या लग्नात आज्यानं ते पटक्यात खोवलं हुतं. बाया हसाया लागल्या, म्हाताऱ्याला नवरदेव व्हायचंय म्हणून. मी अकरा वर्सांची, हळद लागलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय आपटून म्हणलं, काढ ते, मला लाज वाटती. आज्या हसला जरासा, आन् घाईघाईत पीस उपसून बंडीत घातलं. तवाच मोडलं आसंल. त्याच्या नातीच्या लग्नात त्याचं देवक मी मांडवातनं काढायला लावलं, आन् मला ते आज कळत हुतं. जित्ता असता तर पाय धरले असते.

मोराचं पीस म्हंजे कळंबाची आडकाठी सरली, सोयरीक हुत हुती. पर दादाचं त्वांड उतरलं. पाटलाचा वारस म्हणून जत्रंत पयला नारळ आमच्या घरचा. छाती काढून चालणारा माणूस. त्यानं आईला सांगितलं, गाठ बांध परत. दुष्काळात भाकरी मागत आलेल्याचा नातू म्हणून मी गावात तोंड दावणार न्हाई. 

जातं थांबलं. पद्मा हळदीच्या हातानं आली, पिसांम्होरं बसली. एक एक करून मोजली.

"आबा, ही पाच लग्नांची पाच," ती बापाला म्हणाली. "माझं कोण ठिवणार?"

दादानं पोरीच्या पिवळ्या हातांकडं बघितलं. मग उठला, पटका बांधला, गाठोडं काखंत मारलं. मला म्हणाला, चल आष्ट्याला.

लालासाहेबांच्या ओसरीवर चार वडीलधारे बसले हुते. मला वाटलं दादा बाजूला बोलावून सांगंल. पर त्यानं गाठोडं सगळ्यांम्होरं सोडलं आन् उभ्यानं सांगितलं. आज्या कसा आला, कुणी पोसला, नाव कुणाचं लावतो, सगळं.  म्हणाला, औंधाला माणूस धाडून खात्री करा.

लालासाहेबांनी पिसाला हात लावून कपाळाला लावला.

"माणूस धाडतो, रीत हाय म्हणून," ते म्हणाले. "पर कोंडीबा, तुमची पाटीलकी आमी कवा मागितली न्हवती. पोरगी मागितली हुती."

तवा कुठं दादा खाली बसला. पटक्याच्या शेवानं त्वांड पुसलं. मला वाटतं रडला.

तिसऱ्या दिवशी माणूस परत आला. आज्याच्या गावाकडं भावकी निघाली, आन् त्यांचं देवक मोराचं पीस. दुष्काळात गेलेला पोरगा मेला म्हणून त्यांनी कवाच आंघोळ केली हुती. त्यातले दोघं म्हातारे लग्नाला आले.

पद्माच्या मांडवात मेढीला सहावं पीस बांधलं. माझं मोडकं पीस मी दादाकडनं मागून घेतलं आन् त्याच्याच पटक्यात खोवलं. मागं बाया हसल्या. दादाला कसंतरी झालं, त्याचा हात वर गेला.

मी त्यो हात धरला. म्हणलं, "दादा, काढायचं न्हाई."