पाच गोल आणि एक गुडघा

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या त्या कारागिराला सगळी गल्ली ‘पाच’ म्हणायची. चाळीस वर्षांपूर्वी हॉकीच्या एका गाजलेल्या अंतिम सामन्यात तो गोलरक्षक होता आणि समोरच्या संघातल्या ‘तुफान’नं त्याच्यावर पाच गोल चढवले होते. तुफान जाऊन दहा वर्षं झाली, तरी न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर त्याची तसबीर होती. तिच्याखाली खुर्चीत बसून पाच दर आठवड्याला म्हणायचा, “उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय त्याला.”

न्हावी फेस घोटत हसायचा. “काका, कोल्ह्याला द्राक्षं आंबट!”

एकदा हे बोलणं बाकावर नंबर लावून बसलेल्या एका वाहिनीच्या माणसाच्या कानावर पडलं. ‘तुफान: महान की फुगवलेला?’ अशी चर्चा तो जमवत होता. त्याला तर घबाडच मिळालं. “तुम्हीच हवेत आम्हाला,” तो म्हणाला, आणि पाच हुरळून गेला.

वाहिनीच्या इमारतीत गेल्या गेल्या एका मुलीनं त्याच्या तोंडावर पावडर थापली. तिच्या हातातला स्पंज दहा जणांच्या घामानं पिवळा पडला होता. पाचनं तोंड मागे घेतलं.

चर्चेला एका बाजूला तुफानचा मुलगा होता. बापाच्या नावाचे बूट विकायचा, आणि तेच घालून आला होता. दुसऱ्या बाजूला, पाचच्या शेजारी, एक चष्मेवाला आकडेतज्ज्ञ. सामना झाला तेव्हा हा जन्मालाही आला नव्हता.

“पाचातले तीन गोल गोलरक्षकाच्या ढिसाळपणामुळे झाले,” तो पाचकडे न बघताच म्हणाला. “समोर बरा गोलरक्षक असता तर हा तुफान कुणाला आठवलाही नसता.”

“बाबांचा चेंडू दिसायचाच नाही हो!” मुलगा म्हणाला. “विचारा ना काकांना, दिसला का एकदा तरी?”

प्रेक्षक खो खो हसले. एकाला मोठं करायचं तर पाच आंधळा, लहान करायचं तर पाच ढिसाळ. तेवढ्यात निवेदकानं स्पंजाचे रंगीत पॅड आणि प्लॅस्टिकची स्टिक पुढे केली. “काका, एकदा उभे राहता का गोलमध्ये? गंमत म्हणून!”

“ते आधी बाजूला ठेव,” पाच म्हणाला. त्याचा आवाज असा चढला की हसणं जागच्या जागी विरलं. “पाचही गोल खरे होते. माझी एकातही चूक नव्हती आणि चेंडू मला लख्ख दिसत होता. दिसत असून अडवता येत नव्हता, एवढा तो माणूस मोठा खेळायचा. त्याला कुणी फुगवलेला नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“टाळ्या कसल्या वाजवता? संपलं नाही माझं. आमच्या लेफ्ट हाफनं त्याला अर्धा तास जखडून ठेवला होता. चेंडू पार पलीकडे, पंचांची पाठ. तुफाननं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि लाकूड फोडावं तशी स्टिक त्याच्या गुडघ्यावर घातली. वाटी फुटल्याचा आवाज मी लांबून ऐकला. आणि मग हाच तुमचा तुफान वाकून त्याला विचारतो, ‘लागलं का रे?’”

मुलगा उठून उभा राहिला. “पुरावा आहे का?”

“गुडघा आहे की. माझ्या बहिणीच्या घरी आहे. या बघायला!”

कारण तो लेफ्ट हाफ म्हणजे त्याचा मेहुणा. सामन्याच्या वेळी लग्न ठरलेलं होतं. नवरदेव जायबंदी झाला तरी बहिणीनं ते मोडलं नव्हतं.

रविवारी सकाळी कार्यक्रम लागला, तेव्हा पाच बहिणीकडेच बसला होता. जिना चढवत नाही म्हणून ती दोघं तळमजल्यावर राहायची. पडद्यावर पाच म्हणाला, “त्याला कुणी फुगवलेला नाही.” टाळ्या झाल्या, व्हायोलिन वाजलं, तुफानचा फोटो आला आणि कार्यक्रम संपला.

पाचनं उठून टीव्ही बंद केला.

“बरं बोललास,” मेहुणा गुडघा चोळत म्हणाला. “खेळ मोठाच होता त्याचा. माझंही नाव घेतलं असतंस तर बरं वाटलं असतं.”

“घेतलं होतं. कापलं हरामखोरांनी.”

“काय म्हणालास?”

काहीतरी थाप मारून सुटता आलं असतं. पण पाचनं सगळं सांगितलं. स्टिक कशी उगारली, आवाज कसा आला, तुफान काय म्हणाला.

मेहुण्याचा हात गुडघ्यावरच थांबला. “म्हणजे तू बघितलं होतंस? सामन्यानंतरच्या चौकशीत तर म्हणालास, ऊन डोळ्यांवर होतं, काही दिसलं नाही.”

“बघितलं होतं.”

बहीण उठली. भावाच्या पुढ्यातला अर्धा चहा तिनं उचलला, मोरीत ओतला आणि कप घासायला घेतला. घासतच राहिली. शेवटी म्हणाली, “दादा, तू आता जा.”

पुढच्या रविवारी न्हाव्याच्या दुकानात त्याला बघून बाकावरची माणसं उठून उभी राहिली. एकानं त्याचा हात हातात घेतला. “काका, पाच गोल खाऊन एवढं कौतुक करायला काळीज लागतं. फार मोठ्या मनाचे निघालात!”

तो घामट, ऊबदार हात पाचनं झटकून टाकला. एवढी किळस त्याला त्या स्पंजाचीही आली नव्हती. खुर्चीत बसून, गालाला फेस लागलेला असतानाच, त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती हकिकत सांगितली. ऊन डोळ्यांवर होतं, या खोट्यासकट.

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“देशाच्या संघाची निवड व्हायची होती. कर्णधार तुफान होता.”

“घेतलं त्यानं तुम्हाला?”

“नाही.”

 न्हाव्यानं त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि उरलेली दाढी करायला घेतली.