तळहाताखालचा टँकर

"हे टेबल दोनच्या आत खाली उतरवायचं," क्लेआंथिस म्हणाला, आणि सहीचा कागद त्याने नेमका टेबलावरच्या जहाजाच्या कमरेवर पसरला.

अर्गिरोने कागद दोन बोटांनी उचलून खिडकीत ठेवला. "तिथे नको. सात नंबरचा ट्रक दबतोय."

ग्रीसमधल्या सीरोस बेटाच्या बंदरावरच्या या एका खोलीतून फेरीबोटी भरल्या जात. पाच वर्षांपूर्वी अर्गिरोनेच ते टेबल जुळवलं होतं. काचेवर बोटीच्या पोटाचा नकाशा, काचेखाली कॅमेरा, आणि ट्रकांच्या जागी लाकडी ठोकळे. ठोकळा सरकवला की संगणकाला कळायचं, आणि बोट किती कलतेय ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. जड ट्रक हातालाही जड लागावा म्हणून तिने ठोकळ्यांत शिसं ओतून घेतलं होतं. अर्धवट भरलेल्या टँकरचा ठोकळा मात्र पोकळ, आत वाळू. उचलला की वाळू एका अंगाला धावायची. त्याच्या कोपऱ्यावर चार बारीक खड्डे होते. लेकीला, फोतिनीला, दात येत होते तेव्हाचे. तेव्हा पाळणाघर मिळालं नव्हतं. पोर या टेबलाखालीच रांगायला शिकली.

टेबलाचा एक नियम अर्गिरोने लिहिलेला नव्हता. तो भोवती उभ्या राहणाऱ्या माणसांनीच केला. ठोकळ्यावर कुणाचा तळहात असेल तर तो ठोकळा हलवायचा नाही. तळहात म्हणजे, थांबा, मला पटलेलं नाही. मग कप्तान असो की कालचा खलाशी, हात निघेपर्यंत बाकीच्यांनी भांडावं, कॉफी प्यावी, पण ठोकळ्याला बोट लावू नये.

आता या टेबलाच्या जागी वापरायला अथेन्सच्या मुख्य कचेरीने क्लेआंथिसबरोबर पेटीभर चष्मे पाठवले होते.

"हे घालून मी बायकोला देखणा दिसेन का?" स्तमातीसकाकांनी विचारलं. ते बोटीचे तांडेल. चाळीस वर्षं दोर ओढून बोटंही दोरासारखी झालेली.

"काका, मग चष्मा काकूंना घालावा लागेल," अर्गिरो म्हणाली.

तिनेही चष्मा चढवला. समोर हवेत अख्खी बोट तरंगत होती, काचेची केल्यासारखी आरपार, आणि आत एकेक ट्रक चाकांसकट. अर्गिरोला ते मनापासून आवडलं. आवडलं म्हणून आणखीच राग आला.

"दोनच्या बोटीचंच बघू," क्लेआंथिस उत्साहाने म्हणाला. "हा तेलाचा टँकर किथनोस बेटावर पहिला उतरणार. म्हणून तो मागच्या दाराशी, डाव्या कडेला."

"नाही हां साहेब," काका म्हणाले. "अर्धं तेल इथेच उतरवलंय त्याने. उरलेलं आत हेलकावे खाणार, आणि बाहेर वारा बघा कसा पिसाळलाय. त्याला मधे घ्या."

"वजन यादीत आहे, काका. सगळं बसतंय."

काकांनी सवयीने हवेतल्या टँकरवर तळहात ठेवला.

क्लेआंथिसने दोन बोटांची चिमूट केली. टँकर काकांच्या हातातून आरपार निघाला आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

काकांनी चष्मा काढला. तळहात उलटा-सुलटा करून पाहिला.

"माझ्या हातातून गेला," ते म्हणाले.

"अहो, ते चित्र आहे!"

"चित्र आहे ते कळतं मला. मी नको म्हणत होतो, ते कुणाला कळलं?"

क्लेआंथिस माणूस वाईट नव्हता. तो ओशाळला. "पुढच्या महिन्यात तशी सोय करून देतो. हात दिसला की ट्रक थांबेल."

"आणि ती सोय बंद करायचं बटण कुणाकडे?" अर्गिरोने विचारलं.

"सगळी बटणं अथेन्सलाच असतात, मॅडम."

"म्हणजे हात काकांचा, आणि तो धरायचा की नाही ते ठरवणार तुम्ही."

"घाईच्या दिवसांत कधीकधी…"

"घाईच्या दिवशीच तर हात लागतो हो!"

त्याने खिडकीतला कागद आणून पेन पुढे केलं. "टेबल काढायला हरकत नाही म्हणून सही करा. नाही केलीत तर मला वर कळवावं लागेल, आणि मग टेबलाबरोबर तुमची खुर्चीही जाईल."

घरात कमावणारी अर्गिरो एकटी. तिने पेनाला हात लावला नाही. दातांचे खड्डे असलेला ठोकळा उचलून तिने त्याच्या हातात दिला. आत वाळू धावली, आणि क्लेआंथिसने नकळत मनगट वळवून तोल सावरला.

"सावरलात ना?" ती म्हणाली. "बोटीला मनगट नसतं."

ठोकळा परत घेऊन तिने नकाशाच्या ऐन मध्यावर ठेवला आणि वर तळहात टेकला. "आता हलवा. टेबलही हलवा."

क्लेआंथिसचा हात पुढे आला आणि तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबला. आता तिचं मनगट धरून बाजूला करावं लागलं असतं. ते त्याच्याने होईना.

टँकरचा ड्रायव्हर दारात डोकावला. "माझी जागा कुठे?"

"मधे," अर्गिरो म्हणाली.

"मधेच," म्हणत काका त्याच्याबरोबर खाली निघाले. दारातून वळून म्हणाले, "पोरीची शाळा सुटायची वेळ झाली की गं. तू हात काढू नकोस. माझी बायको आणेल तिला."

पावणेदोनला हमाल गाडा घेऊन आले. अर्गिरोचा खांदा भरून आला होता. हमालांनी क्लेआंथिसकडे पाहिलं, क्लेआंथिसने तिच्या हाताकडे. खाली टँकर बोटीच्या मध्यावर साखळ्यांनी बांधला जात होता. तो आवाज वर येत होता.

"चष्म्यांची पेटी तेवढी उचला," तो शेवटी म्हणाला. मग तिला, "कागद सहीविनाच पाठवतो. पण मी काय लिहू वर?"

"सही दिली नाही म्हणून लिहा. आणि हात ठेवलाय, तेही लिहा."

जिन्यात काकूंचा दम लागलेला आवाज आला आणि त्यांच्या पुढे पळत फोतिनी. आईच्या बोटांमधून डोकावणारा ठोकळा तिने लगेच ओळखला.

"माझा!" ती म्हणाली, आणि टाचा उंचावून तिने आपला चिकट, बिस्किटाचा हात आईच्या हातावर ठेवला.