टेकडीवरचा कोरा दगड

हसा हवं तर, पण बोलतोय तो दगडच. तुम्ही माणसं मठ्ठ पोराला दगड म्हणता, निर्दय माणसालाही दगडच म्हणता. तरी मला माझ्या दगडपणाचा अभिमान आहे. का, ते ऐका.

खाणीतून काढून, कापून, घासून मला पाथरवटाच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शेजारी माझेच भाऊबंद, सगळे थडग्यांवर बसवायचे. कुणावर नुसतं नाव, कुणावर कवितेच्या ओळी. पाथरवटाची एक रीत होती. टाकी लावण्याआधी तो सगळा मजकूर गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यामुळे मरणावरच्या कितीतरी कविता माझ्या कानांवरून गेल्या. कुणी मरणाला झोप म्हणे, कुणी पैलतीर, कुणी न्यायला आलेला पाहुणा. गोड वाटायच्या. पण मनात यायचं, मरणाला नावानं हाक मारायला माणसं किती लाजतात!

एके दुपारी दोन बहिणी आल्या. त्यांचा भाऊ कवी होता आणि पक्का भटक्या. घरी थांबायचा तो फाटक्या चपला शिवून होईपर्यंतच. महिन्यापूर्वी तो गेला आणि गावाबाहेरच्या टेकडीवर त्याला पुरलं होतं.

थोरलीनं माझ्यावर थाप मारली. "हा चांगला जड आहे. आमचा भाऊ जन्मभर एका जागी टेकला नाही कधी. आता बघते कसा उठतो ते!"

"ताई, काहीतरीच काय!" धाकटी हसता हसता डोळे पुसू लागली.

भावाची शेवटची कविता थोरलीनं आणली होती. अक्षर पाहिलं की रडू येई, म्हणून तिनं ती वाचलीच नव्हती. पाथरवटानं कागद घेतला.

"नीट ऐका हं ताई. एकदा कोरलं की ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही."

मग त्यानं वाचलं:

थकेन तेव्हा गवतापाशी ठेवा,
ते पुसत नाही, कुठून आलास.
दगड नको उशाशी, नाव नको,
माझ्या पायांना माती ओळखते.

मी असं कधी ऐकलं नव्हतं. याला मरणाची भीती नव्हती आणि कौतुकही नव्हतं. चालून चालून दमलेला माणूस ओळखीच्या घरी शिरावा, तसा तो मातीत शिरत होता.

धाकटी म्हणाली, "अगं ताई, तो दगड नको म्हणतोय, आणि तेच आपण दगडावर कोरून घेतोय!"

"मग मी भेटायला जाऊ कुठं?" थोरली एकदम भडकली. "गवतात सगळीकडे तो, म्हणजे माझ्यासाठी कुठंच नाही. साठ वर्षं वाट पाहिली मी त्याची. आता तरी एक जागा दे म्हणावं!"

पाथरवटानं टाकी खाली ठेवली. थोरलीनं माझ्यावर हात फिरवला. शेवटी नाक पुसून म्हणाली, "कोरू नका. उशाशीही नको. टेकडीवरच्या वाटेच्या कडेला आडवा ठेवा. त्याला दगड नकोय, पण माझ्या गुडघ्यांना हवाय."

तेव्हापासून मी इथं आहे. भाऊबंदांना नावं मिळाली, मला माणूस मिळालं. थोरली काठी टेकत येते, माझ्यावर बसते आणि समोरच्या गवताला मनसोक्त रागावते. "स्वेटर विणून ठेवला होता, तोही नेला नाहीस!" गवत ऐकून घेतं. भावाची नेमकी जागा आता तिलाही सांगता येत नाही. माझ्या एका कडेवर शेवाळ चढलंय आणि तेही मला शोभतं.

परवा काही मंडळी फुलं घेऊन आली. कवीची समाधी कुठं, म्हणून विचारू लागली. थोरलीनं हात फिरवून अख्खी टेकडी दाखवली. मंडळी गोंधळली आणि फुलं माझ्यावर ठेवू लागली.

"तिथं नको हो," थोरली म्हणाली, "तिथं मी बसते."

त्या क्षणी मला जे वाटलं, ते कोरलेल्या दगडांना कळायचं नाही. तुम्हीही या कधी टेकडीवर. फुलं नकोत, दमलेले पाय घेऊन या. ती आली, की मात्र जागा द्या.