झऱ्यावरून बोलतोय

देल्फीनने जुनी वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली, चष्मा नाकावर ढकलला आणि वाचून दाखवलं, "आठला चालायला सुरुवात. पूल, नऊ दहा. झरा, साडेदहा. माथा, बारा चाळीस. एक वाजला की माघारी, असू तिथून."

ओव्हिद शेगडीपाशी उभा राहून उद्याच्या शिदोरीची धिरडी उलटत होता. "असू तिथून? आणि माथा दहा पावलांवर असला तर?"

"तर दहा पावलांवरून."

"सदुसष्टाव्या वर्षी एवढा हट्ट बरा नव्हे."

"हा हट्ट नाही, हिशेब आहे. होडीवाला हार्लन पाचला परत निघणार. उतरायला पावणेचार तास. अंधारात गुडघा वळला, तर तू मला पाठीवर घेणार आहेस का?"

ओव्हिदने आपल्या पाठीचा विचार केला आणि धिरडं उलटलं.

तेवीस उन्हाळे ओव्हिद हॅचेट नावाच्या डोंगराच्या माथ्यावरच्या मनोऱ्यात बसून रानातल्या वणव्यांवर नजर ठेवत होता, आणि तेवीस उन्हाळे देल्फीन तळ्याच्या अलीकडे, घरातल्या रेडिओपाशी बसून होती. सोमवारी तो वर जायचा, शनिवारी खाली यायचा. चढताना तीनदा रेडिओवर बोलायचा: पुलावरून, झऱ्यावरून आणि माथ्यावरून. तसा वनखात्याचा नियमच होता. ती ऐकायची आणि वेळ वहीत लिहायची. दहा मिनिटं उशीर झाला की पुढचा आठवडा त्याला रेडिओवरून बोलणी खावी लागायची. गावात म्हणायचे, पाद्री एकवेळ माफ करील, देल्फीनचं घड्याळ करणार नाही.

डोंगर तिला कानानं पाठ होता. कुठे अस्वलानं खोड सोललंय, कुठे पाऊस झाला की वाट ओढा होते, सगळं ठाऊक. पाऊल मात्र तिनं तिथं एकदाही टाकलं नव्हतं. तो वर असताना रेडिओ सोडता येत नसे, आणि तो खाली आला की आठवड्याचे कपडे आणि दोन मुली असत. पुढे टेहळणीला विमानं आली, मनोऱ्याला कुलूप लागलं, आणि तोवर तिचा गुडघा गेला होता. किराणा दुकानातली बर्निस तर तोंडावर म्हणायची, "देल्फीन हॅचेट डोंगर रोज चढते, खुर्चीत बसून."

या वसंतात गुडघा बदलला. आणि याच महिन्यात घर विकलं गेलं. मंगळवारी दोघं पोर्टलंडला, थोरल्या लेकीच्या घरी कायमची जाणार होती. रविवारी हार्लन हंगाम संपवून होडी पाण्याबाहेर काढणार होता. उरला होता एक शनिवार.

म्हणून तिनं वह्या काढल्या होत्या. ओव्हिदच्या तिशीतल्या पायांना जो वेळ लागायचा, त्याची तिनं दुप्पट केली. झाला बेत तयार.

शनिवारी आठ वाजता हार्लनने त्यांना पलीकडच्या काठावर उतरवलं. "पाचला मी निघणार," तो म्हणाला. "तुम्ही असा, नसा."

"आम्ही पावणेपाचला असू," देल्फीन म्हणाली. "तूच झोपू नकोस."

मेपलची पानं लाल झाली होती आणि वाटेवर त्यांचा खच पडला होता. देल्फीन पुढे, ओव्हिद मागे. जो हळू, त्यानं पुढे चालायचं. हळू कोण, यावर होडीतच वाद झाला होता आणि तो ती मोठ्या मनानं हरली होती. लाकडी पुलावर पाय ठेवताना तिनं घड्याळ पाहिलं. नऊ दहा. तिनं मागं वळून पाहिलं सुद्धा नाही, पण तिची पाठ हसते आहे हे ओव्हिदला कळलं.

पुढे चढ लागला. मुळांच्या पायऱ्या, ओले दगड. दहा वाजले, सव्वादहा वाजले. साडेदहाला एका मोठ्या उघड्या खडकावर ती थांबली. खाली तळ्याची एक पट्टी चमकत होती.

"झरा कुठाय?"

"येईल," ओव्हिद म्हणाला. त्याचा आवाज जरा पडला होता. तिला वाटलं, दमला असेल.

झरा आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन बाजूंनी कडा आणि मध्ये खळगा, त्यात थंडगार पाणी. देल्फीन दगडावर बसली आणि वही मांडीवर घेतली. झऱ्यापासून माथा, दोन तास दहा मिनिटं. म्हणजे एक वीस. नियम तिचाच होता, स्वतःच्या हातानं लाल शाईत लिहिलेला, आणि तेवीस वर्षं तिनं कुणाला दहा मिनिटं सोडली नव्हती. तिला रडू आलं नाही. ती फक्त बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

"माझेच पाय," ती म्हणाली. "नवा गुडघा बसवला म्हणून वय बदलत नाही. चल, खाऊन घेऊ आणि उतरू."

ओव्हिदने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"देल्फीन, तुझे पाय ठीक आहेत. वही चुकली आहे."

"माझी वही?"

"या खळग्यातून रेडिओ लागायचाच नाही. पहिल्याच सोमवारी कळलं. म्हणून मी मघाच्या त्या खडकावरून बोलायचो आणि सांगायचो, झऱ्यावरून बोलतोय. खात्याला झरा हवा होता ना."

देल्फीनने नाडी अर्धीच सोडली. "तेवीस वर्षं?"

"एकदा खोटं बोललो की मग खरं सांगायला निमित्त लागतं."

"पाणी कसं आहे असं मी विचारायचे, तर तू म्हणायचास गार आहे."

"गार तर आहेच ना."

"आणि मी इथं बेडूक ओरडतात का विचारलं, तेव्हा तू दोन मिनिटं गप्प राहून म्हणालास, हो, ऐक."

"ते मी ओरडलो होतो," ओव्हिद म्हणाला.

तिनं पेन्सिल उचलली. त्याला वाटलं, आता ती फेकून मारणार. पण ती लिहू लागली.

"खडकापासून इथवर तुला किती लागायचे?"

"वीस मिनिटं."

"तुझी वीस, आपली चाळीस. बरोबर चाळीसच उशीर झालाय." तिची पेन्सिल थांबली. "आणि माथ्यावरून बोलायचास तो माथ्यावरूनच ना? का तिथंही एखादा बेडूक आहे?"

"मनोऱ्यातून. देवाशपथ."

"म्हणजे माथ्याची वेळ खरी. अरे म्हाताऱ्या, इथवरची वाट तू वहीत चाळीस मिनिटांनी कमी केलीस, तर इथून वरची तेवढीच वाढवलीस. दोन तास दहा नाहीत. दीड तास." ती उठून उभी राहिली. "आपल्याला उशीर झालेलाच नाही. आपण अगदी वेळेवर आहोत."

"धिरडी?"

"चालता चालता खा. भांडण उतरताना करू, पावणेचार तास आहेत."

मग ती अशी चालली की ओव्हिदला तिच्याशी बोलायला दम उरला नाही. झाडं बुटकी झाली, मग कमरेएवढी, मग संपली. शेवटच्या कातळाला लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. तिथं गुडघा कुरकुरला. तिनं त्याला आपल्या आईच्या फ्रेंचमधल्या दोन शिव्या घातल्या आणि पहिली कडी धरली. दुसरी. तिसऱ्या कडीवर वारा तोंडावर आला, आणि चौथीनंतर धरायला काही उरलंच नाही.

खाली अख्खं तळं पसरलं होतं. तिनं जन्मभर काठावरून पाहिलेलं पाणी एकदम एवढं मोठं झालं होतं, बेटांसकट, खाड्यांसकट, आणि चहूबाजूंनी लाल-पिवळं रान पेटल्यासारखं. अलीकडच्या काठावर खडूच्या टिंबाएवढं पांढरं काहीतरी होतं.

"ते आपलं घर," ओव्हिद धापा टाकत म्हणाला.

"माहीत आहे मला," देल्फीन म्हणाली. आणि मग, "तुला इथून मी दिसायचे?"

"तू नाही. तुझा दिवा दिसायचा."

तिनं घड्याळ पाहिलं. बारा एकेचाळीस. बर्निसला ते एक मिनिट सांगायचं नाही असं तिनं ठरवलं, मग विचार बदलला. नोंद ती नोंद. वहीत तिनं आकडा लिहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढे स्वतःचं नाव घातलं.

एक वाजायला एकोणीस मिनिटं होती. मनोऱ्याच्या पायाशी वाऱ्याकडे तोंड करून ती बसली आणि त्यातलं एकही मिनिट तिनं ओव्हिदला दिलं नाही; सगळी तिची होती.