ऑस्टरव्हेल्डेचा नंबर

“म्हाताऱ्याला कसलाही संशय येता कामा नये, तेवढं फक्त बघ,” अभय म्हणाला.

आता हे काम सांगायला या साहेबाला अख्ख्या सिंगापुरात निशिकांत घैसासच सापडावा! लिफ्टचं दार बंद झाल्यावर आपणच दाबलेला मजला पुन्हा वाकून बघणारा हा माणूस. ‘विश्वास पानिपतात गेला’ हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या वेळा निघे, की घरी त्याची लेक इरा ते त्याच्याआधीच पूर्ण करी. पण गंमत अशी, की त्याचं पोट याच गुणावर चाललं होतं. त्याची कंपनी ठिकठिकाणचे खेळांचे क्लब विकत घ्यायची, आणि समोरची माणसं खरी की खोटी, हे तपासणं निशिकांतचं काम. पुण्याच्या बँकेतल्या दक्षता विभागातून तो इथे आला तेव्हा इरा बालवाडीत होती. आता ती ओ लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, परीक्षेला बसायची होती.

म्हातारा म्हणजे यान फेरमेर. बेल्जियममधल्या ऑस्टरव्हेल्डे नावाच्या गावचा शंभरी उलटलेला फुटबॉल क्लब कंपनीला हवा होता, आणि यान त्या क्लबचा अध्यक्ष. सभासदांनी सहीचा अधिकार त्याला दिला होता. म्हणून विमानाचं तिकीट, समुद्रावरचं हॉटेल, आणि दिमतीला निशिकांत.

पहिला संशय निशिकांतने अर्थातच यानवर घेतला. विमानतळावर एक उंच, वाकलेला माणूस लोकरी कोट हातावर घेऊन बाहेर आला आणि त्याने निशिकांतच्या हातात बिस्किटांचा डबा ठेवला.

“हा कोणासाठी?” निशिकांतने इंग्रजीत विचारलं.

“जो मला न्यायला येईल त्याच्यासाठी. चाळीस वर्षं बेकरी चालवली मी.”

काम व्हायच्या आत भेट? निशिकांतने डबा घरी नेला, पण तो ऑफिसच्या नियमात बसतो की नाही हे ठरेपर्यंत न उघडण्याच्या अटीवर. बायकोने, गार्गीने, तो त्याच्यासमोर उघडला. “अहो, बिस्किटं आहेत. सुरुंग नाहीत,” ती म्हणाली आणि एक तोंडात टाकलं.

दुसऱ्या दिवशी मात्र पाणी कुठे मुरतंय ते कळलं. यानला दाखवायच्या चित्रांचा गठ्ठा आणायला निशिकांत अभयच्या खोलीत गेला, तर भिंतीवर भल्यामोठ्या नव्या स्टेडियमचा आराखडा. ते स्टेडियम ऑस्टरव्हेल्डेचं नव्हतं, तिथून बऱ्याच लांबच्या एका शहरातलं होतं. कंपनीचा तिथे नवाकोरा क्लब होता, जो खालच्या लीगमध्ये रखडला होता. आणि त्या स्टेडियमच्या दारावर चिन्ह होतं ऑस्टरव्हेल्डेचं.

“हे काय आहे?” निशिकांतने विचारलं.

अभय मूळचा पार्ल्याचा, बोलायला साखरेसारखा. “अरे, सोपं आहे. बेल्जियममध्ये प्रत्येक क्लबला फेडरेशनचा नंबर असतो. लीगमधली जागा त्या नंबरला मिळते, गावाला नाही. सही झाली की दोन्ही क्लब एक. नंबर शहरात येईल, वरच्या लीगमधली जागा येईल. बास.”

“आणि गावाला काय?”

“मैदान आहेच की त्यांचं. पोरं खेळतील. नाव, रंग राहतील असं आपण लिहून दिलंय, ते शहरात राहतील. खोटं कुठे बोललोय?”

“त्याला हे माहिताय?”

“निशी, तुझं काम पार्टी तपासायचं. आपली पार्टी नाही तपासायची.” मग अभय हसला. “तुझा इथल्या नोकरीचा पास रिन्यूला आलाय ना? मीच रेकमेंड करणार आहे. काळजी करू नकोस.”

काळजी करू नकोस म्हणणाऱ्या माणसाची निशिकांतला नेहमीच काळजी वाटत आली होती.

संध्याकाळी चोआ चू कांग भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवताना त्याने गार्गीला सगळं सांगितलं. गार्गीने वरण वाढता वाढता ऐकून घेतलं.

“तुम्ही गप्प बसा,” ती म्हणाली. “तो क्लब कोण, आपण कोण. इराचं वर्ष आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“मी कुठे काय बोलतोय?”

“तेच म्हणते. बोलू नका.”

“बाबा, but that’s cheating, lah,” इरा ताटातून मान वर न काढता म्हणाली.

“तू जेव,” दोघंही एकदम म्हणाले. निशिकांतने वरणाचं पातेलं पुढे ओढलं. आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, त्यात निम्म्या वेळा तो नुसताच वाया गेला होता. आज खरा ठरला, तर तोंड शिवून बसायची पाळी.

तिसऱ्या दिवशी यानने हॉटेलातलं जेवण नाकारलं. “तू जेवतोस तिथे ने,” तो म्हणाला. निशिकांतने त्याला घराजवळच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, नेलं. गर्दीत एक रिकामं टेबल दिसताच निशिकांतने त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि यानला भाताच्या रांगेत उभं केलं.

“तुझं पाकीट राहिलं,” यान म्हणाला.

“मुद्दाम ठेवलंय. इथे पाकीट ठेवलं की जागा आपली. कोणी बसत नाही.”

“कोणीच नाही? मग तू सारखा मागे वळून का बघतोयस?”

निशिकांतने पुन्हा एकदा मागे पाहिलं. सगळं शहर त्या पाकिटावर विश्वास ठेवत होतं आणि तो एकटा पहारा देत होता.

जेवताना यान क्लबबद्दल बोलायला लागला, तो थांबेना. वीटभट्टीवरच्या मजुरांनी क्लब काढला. भट्टीचा मालक रविवारी सकाळी चर्चला जायचा, तेवढ्यात त्याच्याच कुरणात खेळायचे. पहिल्या युद्धात कुरणात सैन्याचे घोडे बांधले. दुसऱ्या युद्धातल्या एका हिवाळ्यात गोलचे खांब कोणीतरी सरपणाला नेले, आणि नेणारा कोण ते सगळ्या गावाला ठाऊक असून कोणी नाव घेतलं नाही, कारण त्याच्या घरी तान्हं मूल होतं.

“ते मूल पुढे आमचा गोलकीपर झालं,” यान म्हणाला. “फार चांगला नव्हता. पण त्याला काढायचं कोणाच्या मनात आलं नाही.”

निशिकांत हसला, आणि आपण हसलो याचंच त्याला वाईट वाटलं.

“आम्ही पैशाने कधी मोठे नव्हतो,” यान पुढे म्हणाला. “पण नंबर जुना आहे. फेडरेशनने नंबर वाटले तेव्हा वयाप्रमाणे वाटले. शेजारच्या गावाने आपला क्लब दुसऱ्या क्लबात मिसळला, त्यांचा नंबर गेला. तिथे आता रविवारी म्हातारे मैदानाच्या कठड्याला टेकून रिकाम्या गवताकडे बघत उभे असतात. तुमच्या कंपनीने रंग ठेवले, नाव ठेवलं. चांगली माणसं आहात तुम्ही.”

निशिकांत पाणी प्यायला. कंपनीचं बाहेर बोलायचं नाही, असा कागद त्याने नोकरी घेतानाच सही करून दिला होता. शिवाय पास. शिवाय इरा. त्याला अभयचा राग आला, यानचा त्याहून जास्त आला. इतका भाबडा माणूस घराबाहेर पडतोच कशाला?

त्याने टेबलावरचं पाकीट उचललं, हात लांब केला आणि ते शेजारच्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या टेबलावर ठेवलं. 

ट्रे घेऊन जागा शोधणारी एक बाई त्यांच्याजवळ आली. तिने पाकीट ठेवलेलं रिकामं टेबल टाळलं आणि यानला खुणेनेच विचारलं, तुमचं झालं का? त्याच्या ताटात अजून अर्धा भात होता.

यान त्या बाईकडे बघत राहिला. मग पाकिटाकडे. मग बराच वेळ निशिकांतकडे.

“पाकीट जाईल तिकडे जागा,” तो हळूच म्हणाला. “नंबर.”

“भात गार होतोय,” निशिकांत म्हणाला. पण त्याने नजर चुकवली नाही.

सहीच्या वेळी यानने पेन हातात घेतलं आणि अभयला एकच प्रश्न केला, “क्लबचा नंबर कुठल्या गावात राहील?” अभय गोड बोलला, फार वेळ बोलला. यानने सगळं ऐकलं, पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि कोट उचलला. जाताना त्याने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. निशिकांतशीही तेवढंच, जराही जास्त नाही. म्हातारा भाबडा होता, मूर्ख नव्हता.

दार लागल्यावर अभयने निशिकांतकडे पाहिलं.

“काय बोललास तू त्याला?”

“काही नाही. जेवलो आम्ही.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि अभयला ते कळत होतं. पासचं रेकमेंडेशन गेलं नाही. इराची परीक्षा होईपर्यंतच्या मुदतीसाठी गार्गीला बऱ्याच लोकांपुढे मान तुकवावी लागली. ती रागावली, खरंच रागावली, बरेच दिवस निशिकांतशी नेमकं कामापुरतं बोलली.

डिसेंबरातल्या एका रविवारी रात्री फ्लॅटमध्ये पुण्याला परतायची खोकी भरली जात होती. गार्गी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. निशिकांत एका बंद खोक्यावर बसून फोनकडे बघत होता. ऑस्टरव्हेल्डेच्या क्लबची हलाखी होती, चांगले खेळाडू सोडून गेले होते, आणि मॅच कोणीतरी मोबाइलवरून दाखवत होतं. चित्र हलत होतं. धुक्यात पिवळे शर्ट पळत होते, कठड्याला टेकून उंच वाकलेली एक आकृती उभी होती. तो यान आहे की दुसरं कोणी, हे त्याने निरखून पाहिलं नाही.

“संपली का मॅच?” गार्गीने विचारलं. ती आपण होऊन त्याच्याशी बोलली होती.

“संपली.”

“जिंकले?”

“छे. तीन-शून्य हरले.”

गार्गीने हातातली कपबशी खोक्यात ठेवली. “एवढं सगळं करून हरलेच ना?”

“हो,” निशिकांत म्हणाला. “पुढच्या रविवारी परत आहे.”