थंड ठेवलेली गाडी

फान रांग शहरातून निघालेली सोळा आसनांची प्रवासी गाडी रस्त्याकडेच्या टपरीपाशी थांबली, तेव्हा खिएम गुरुजींच्या मांडीवर वही उघडीच होती. दुपारी त्यांना आपल्या जुन्या शाळेत मुलांपुढे बोलायचं होतं. विषय त्यांनीच सुचवला होता: वाया जाणारी शक्ती.

उदाहरण समोरच उभं होतं. मिठागरांपलीकडच्या माळावर बारा पवनचक्क्या. वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती, आणि फिरत होत्या फक्त तीन. बाकीच्यांच्या खांबांच्या सावलीत मेंढ्या ओळीनं बसल्या होत्या. सावली सरकली की ओळही सरकायची.

"बिघडल्यात का हो?" गुरुजींनी टपरीवाल्या काकूंना विचारलं.

"बिघडतायत कशाला? बंद ठेवल्यात. एवढी वीज न्यायला तारा पुरत नाहीत म्हणे." काकूंनी कॉफीचा पेला पुढे ठेवला. "मेंढ्यांची तेवढी चंगळ झाली, गुरुजी."

गुरुजींनी तेही टिपून घेतलं. पेल्यावरच्या पत्र्याच्या गाळणीतून कॉफी थेंब थेंब पडत होती. ती व्हायची वाट बघताना त्यांच्या कानावर घरघर आली. गाडी रिकामी, काचा बंद आणि इंजिन चालू!

"न्हान, इकडे ये!"

चालक न्हान टोपी काढून समोर आला. चाळिशीचा गडी, पण पाचवीत गुरुजींच्या हाताखाली शिकलेला.

"गाडीत कोण बसलंय?"

"कोणी नाही, गुरुजी."

"मग डिझेल कोण पितंय?"

प्रवासी हसले. न्हान चपलांकडे बघत राहिला. "चुकलं, गुरुजी," म्हणाला, पण इंजिन बंद करायला काही हलला नाही.

"पाढे चुकल्यावरही अस्साच उभा राहायचास!"

पुन्हा हशा. गुरुजींना हुरूप आला. वहीत 'चालकांच्या सवयी' असं लिहून त्यांनी पुढे न्हानचं नाव घातलं. मग इंधनाचा अख्खा धडाच त्यांनी सगळ्यांना ऐकवला. बोलता बोलता पेला संपला, म्हणून दुसरा मागवला.

प्रवाशांतल्या मासळीवाल्या बाईबरोबर तिची मुलगी थाम होती. त्याच शाळेतली, गळ्यात गणवेशाचा लाल रुमाल. ती वहीत डोकावली.

"गुरुजी, शाळेत न्हानमामांचं नाव सांगणार तुम्ही?"

"सांगणार. चूक कोणाचीही असो, सांगायला हवी."

"मग हेही सांगा ना, की गाडी एसी लावून तुमच्यासाठी थंड ठेवलीय. मागे एकदा चढताना तुम्ही 'भट्टी आहे नुसती' म्हणालात. तेव्हापासून तुम्ही असलात की मामा इंजिन बंदच करत नाहीत."

"थाम! जीभ आवर!" आईनं तिचा दंड धरून मागे ओढलं.

कोणीच हसलं नाही. गुरुजींनी मान वर केली. सगळ्यांचे नाश्त्याचे वाडगे कधीच रिकामे झाले होते. गुरुजींच्या आधी आत कसं बसायचं, म्हणून माणसं गाडीपाशी उन्हात उभी होती. मासळीच्या टोपलीतला बर्फ वितळून पाणी रस्त्यावर ओघळत होतं. गुरुजींची कॉफी व्हायचीय, म्हणून इतका वेळ कोणी चकार शब्द काढला नव्हता. दुसऱ्या पेल्यात अजून थेंब पडतच होते.

त्यांचे कान तापले. "न्हान, अरे, बोलला का नाहीस?"

"गुरुजींना उलटून काय बोलायचं?" न्हान हळूच म्हणाला.

गुरुजी उठले. पुढची सगळी वाट त्यांनी काचा उघड्या ठेवायला लावल्या. गरम वाऱ्यानं डोळ्यांत रेती जात होती, तरी तोंड फिरवलं नाही.

शाळेत थाम दुसऱ्या रांगेत बसली होती. गुरुजींनी वही उघडली, न्हानच्या नावावर काट मारली आणि वही मिटून टेबलावर ठेवली.

"मुलांनो, पवनचक्क्यांचं नंतर सांगतो. आज सकाळी एका माणसापायी रिकाम्या गाडीचं डिझेल अर्धा तास जळलं. वर त्यानं दोष दुसऱ्यालाच दिला, चारचौघांत. त्याचं नाव लिहून घ्या."

मुलांनी पेन्सिली उचलल्या. गुरुजी फळ्याकडे वळले आणि स्वतःचं नाव लिहू लागले. जन्मभर मुलांना वळणदार अक्षर शिकवलेलं, पण आजची ओळ वाकडी गेली. ती त्यांनी पुसली नाही.