आत्याने भाजलेलं डोकं

माझ्या डाव्या कानाच्या वर, केसांत लपलेला बोटभर टकलाचा पट्टा आहे. आहे म्हणजे होता. आमच्या घरात त्याला 'आत्याचा प्रताप' म्हणत.

कथा अशी, की मी जन्मले तेव्हा आई तापाने फणफणली होती. वडील बाळ बघूनच घाबरलेले. मग मला सांभाळलं आत्याने. थंडी होती म्हणून तिने माझ्या उशाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. ताप उतरल्यावर आईने मला पहिल्यांदा नीट न्याहाळलं, तर कानावर पिवळसर, गुळगुळीत चट्टा आणि त्यावर एक केस नाही. झालं! "वन्संनी पोरगी भाजली!" खटला तिथेच निकालात निघाला. पिशवी कोमट होती, असं आत्या सांगत राहिली, पण ऐकतंय कोण? तेव्हापासून घरात बाळ आलं की आत्या हात पाठीमागे बांधून दारातूनच "गोड आहे हो" म्हणायची.

मी वयात आले तसा चट्टा जाड आणि खडबडीत झाला. "आतलं भाजलेलं वर येतंय," आई म्हणाली. वा, काय शास्त्र! मग ज्याला जे सापडेल ते त्याने त्यावर चोळलं. केस काही उगवले नाहीत, उशा तेवढ्या तेलकट झाल्या.

मी स्कूटर चालवायला शिकवते. दिवसभर डोक्यावर हेल्मेट, आणि शिकणारे असे की ते काढायची हिंमत होत नाही. बाळंतपणानंतर, माझी मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर तिला आईकडे सोपवून कामावर परतले, तर हेल्मेटच्या अस्तराला रक्त. आरशात बघितलं, चट्ट्यावर वाटाण्याएवढी गाठ. माझी पाचावर धारण बसली. पोरगी अजून रांगतही नाही, आणि मला हे काय झालं!

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याचं भिंग लावून बघितलं. "कधीपासून आहे?"

"आत्याने भाजलं तेव्हापासून."

"भाजल्याचा व्रण असा वयात येताना फुगत नाही. ही जन्मखूण आहे, तेलग्रंथींची. नीव्हस सिबेशियस म्हणतात. आईच्या पोटातूनच घेऊन आलात. आधी सपाट असते, वयात येताना जाड होते, आणि मोठेपणी एखाद्याला त्यात गाठ धरते."

"कॅन्सर आहे का, ते सांगा."

"बहुतेक वेळा नसतो. पण नवी गाठ आणि त्यातून रक्त, म्हणजे ठेवायची नाही. जागा बधिर करून सगळा चट्टाच काढू, आणि तपासायला पाठवू. आणि ती चोळाचोळी आजपासून बंद."

काढला. टाके पडले. रिपोर्ट येईपर्यंत मी घरादारावर खेकसत होते. शेवटी बाईंनी सांगितलं, गाठ निरुपद्रवी आहे. माझ्या जिवात जीव आला. वर त्या म्हणाल्या, "तुकड्यात नुसत्या तेलग्रंथीच तेलग्रंथी आहेत. कातडी भाजून व्रण पडला असता, तर त्या उरल्याच नसत्या."

म्हटलं, आता बघतेच एकेकाला. आत्याला फोन करून बोलावून घेतलं. ती आली आणि सवयीने दारातच उभी राहिली. आई माझ्या मुलीला थोपटत होती. मी दोघींना सगळं ऐकवलं, ग्रंथींसकट.

"त्या बाई होत्या का तिथे?" आई फणकारली.

"तू तरी कुठे होतीस? तापात बरळत होतीस!" मी म्हटलं.

मला वाटलं, आता आत्या आईवर तुटून पडेल. इतक्या वर्षांचं व्याज वसूल करेल. पण ती खुर्ची ओढून मटकन बसली.

"म्हणजे मी भाजलं नव्हतं?"

"अगं, तूच तर सांगायचीस ना, पिशवी कोमट होती म्हणून?"

"सांगायचे गं. पण तुझं डोकं बघितलं की वाटायचं, असेलही गरम. नंतर तर पिशवी ठेवताना माझ्याच हाताला चटका बसला होता, असंही आठवायला लागलं. म्हणून कुणी बाळ पुढे केलं तरी मी घेत नव्हते. तुझी आई नको म्हणायची ते एक, पण मलाच माझ्या हातांची भीती वाटायची."

मला रडू आलं, आणि आईचा भयंकर रागही आला. तिला चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं, तोवर ती उठली होती. तिने मुलीला उचललं आणि सरळ आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"मान धरा, वन्सं."

"अहो वहिनी, पडेल! हात कापतायत माझे."

"कापू देत." आई गुडघेदुखी विसरून तिच्या पायाशी फरशीवर बसली, दोन्ही हात पसरून. "पडली तर मी आहे खाली."

आत्याने दोन्ही हातांनी मान धरली. माझ्या लेकीने तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि निवांतपणे तिची मांडी भिजवली.

"अगंबाई! गरम!" आत्या किंचाळली.

"गरम नाही हो," आई म्हणाली. मान खाली घालून ती पदराने आत्याची मांडी पुसत होती. "कोमट आहे. कोमटच होतं, वन्सं."

मी कोरडं दुपटं आणायला उठले. आत्या मुलीला काही सोडेना, म्हणून ते तिच्या मांडीवरच बदललं.